श्रावण पाळतो, मॅडम

व्यसनाच्या ओपीडीत पहिल्यांदा आलेला माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत आपला बचाव मांडून मोकळा होतो. "मी काय बेवडा नाय, मॅडम. श्रावण पाळतो. महिनाभर थेंब नाही." काहीजण त्याला गणपतीचे दिवस जोडतात, नवरात्र जोडतात, एखादा मार्गशीर्षातले गुरुवारही. मागे उभी असलेली बायको तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत असते. ती त्याला खोटं पाडत नाही, कारण ते खोटं नसतंच. तो श्रावण खरोखर पाळतो.

पूर्व उपनगरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम केलं. आता आठवड्यातून एक संध्याकाळ, उपचार घेऊन गेलेल्यांचा गट चालवते. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर या पट्ट्यातली माणसं. कुणी बसवर, कुणी कुरिअरमध्ये, कुणी सोसायटीचा वॉचमन, मधूनच एखादा बँकेतला साहेब. एलबीएस रोडवरच्या ज्या कारखान्यांच्या जागी आज मॉल आणि टॉवर उभे आहेत, तिथून व्हीआरएस घेऊन बाहेर पडलेले काका लोक पूर्वी पुष्कळ यायचे. आता त्यांची मुलं येतात. पगार, बोली, जात सगळं वेगळं. श्रावणाचा पुरावा मात्र सगळ्यांच्या खिशात तयार. त्याला उत्तर काय द्यायचं, हे शोधता शोधता माझं काम मला कळत गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची दहावी आवृत्ती आमच्याकडे वर्षानुवर्षं वापरात होती. तिच्यात अवलंबित्वाची सहा लक्षणं दिली आहेत. अनावर ओढ, एकदा सुरू केल्यावर आवर न राहणं, बंद केल्यावर अंगाला होणारा त्रास, तेवढ्याच नशेसाठी दिवसेंदिवस जास्त लागणं, बाकीचं आयुष्य मागे पडणं, आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही पीत राहणं. यातली तीन वर्षभरात एकत्र दिसली की निदान पक्कं. महिनाभर थांबून दाखवलं तर आजार नाही, असं त्या यादीत कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून मी श्रावणाबद्दल वाद घालत नाही, पुढचं विचारते. गटारीला किती झाली? श्रावण संपला त्या संध्याकाळी कुठे होता? आणि त्या महिनाभरात रोज सात वाजता डोक्यात काय चाललेलं असतं? हा तिसरा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा बायकोच बोलते. एकीने सांगितलं, "कालनिर्णयवर बोट ठेवून दिवस मोजतात, ताई. पोरं दिवाळीची सुट्टी मोजतात तसे."

श्रावणाच्या जोडीला दुसरा शब्द असतो, ‘फक्त’. फक्त एक क्वार्टर. इथे मी कागद पुढे ओढते, कारण क्वार्टरचा हिशोब कुणी कधी केलेला नसतो. आपल्याकडच्या रम-व्हिस्कीत अल्कोहोल ४२.८ टक्के. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये म्हणजे साठ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल आलं. लिव्हर ते तासाला साधारण सात-आठ ग्रॅम या गतीने निपटतं. त्याला घाई करता येत नाही, लिंबूपाण्याने नाही आणि थंड पाण्याच्या आंघोळीनेही नाही. रात्री दहाला संपलेली क्वार्टर रक्तातून जायला सकाळचे सहा वाजतात. दोन क्वार्टर असतील तर दुसऱ्या दिवशीची दुपार. म्हणजे जो रोज दोन क्वार्टर घेतो, तो ऑफिसात टेबलापाशी बसून फायली बघतो तेव्हाही आदल्या रात्रीचीच दारू जिरवत असतो, आणि ती जेमतेम जिरते तोवर संध्याकाळ झालेली असते. शरीर कोरडं असं राहतच नाही. मेंदू त्या भिजलेपणाशी जुळवून घेतो, आणि मग दारू नसणं हाच त्याला धक्का वाटायला लागतो.

हा धक्का ओळखायला तपासण्या लागत नाहीत. केसपेपरवर सही करायला सांगितली तरी पुरे. पेन कागदाला टेकायच्या आधी हवेत दोन-तीन गिरक्या घेतं. चहा आला की तो म्हणतो, "नंतर घेतो." कारण कप बशीवर वाजेल हे त्याला ठाऊक असतं. सकाळीच उघडणाऱ्या देशी दारूच्या दुकानापुढे जे चार-पाच जण गप्प उभे असतात, ते मौजेसाठी आलेले नसतात. हात स्थिर व्हावेत, दाढी करता यावी, ड्युटीवर जाता यावं, एवढ्यासाठी ते तिथे असतात. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तेव्हा ओळखीच्या कितीजणांनी मला विचारलं होतं की असली दारू लोक पितातच कशी. ज्याला सकाळी हात थांबवायचे असतात तो बाटलीवरचं लेबल वाचत बसत नाही.

आता गटारीकडे येते. आषाढी अमावास्येला, ज्या दिवशी घरात दिवे उजळून पुजायचे त्या दिवशी, उपनगरातल्या वाइन शॉपपुढच्या रांगा रस्त्यापर्यंत येतात. महिनाभराचं एका रात्रीत पिऊन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून कडक बंद. अधूनमधून पिणाऱ्याला यात डोकेदुखीपलीकडे सहसा काही होत नाही. पण रोज पिणाऱ्याच्या अंगात त्या रात्रीपासून एक घड्याळ सुरू होतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते. आणि ४८ तास उलटल्यावर, चौथ्या दिवसापर्यंत केव्हाही, थोड्यांना तो भयंकर प्रकार होतो ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. भान जातं, नाडी धावत सुटते, ताप चढतो, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. अमावास्येपासून मोजलं तर हे दिवस बरोबर नागपंचमीच्या आसपास येतात.

असा एक कंडक्टर मला चांगला आठवतो. हातपाय पलंगाला सैल बांधलेले होते, तरी उजव्या हाताची बोटं सारखी चालू होती. अंगठा आणि तर्जनी जुळवून तो हवेतून काहीतरी फाडत होता आणि डाव्या हाताने पैसे घेत होता. तिकिटं देत होता तो. मधूनच ओरडायचा, "पुढे सरका, पुढे जागा आहे." मग चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागायचा. त्याची आई पायथ्याशी उभी होती, उशीखाली लिंबू ठेवून. तिच्या मते हे बाहेरचं होतं, कारण पोराने दारू सोडून तीन दिवस झाले होते, शनिवार पाळला होता, मग दारूने कसं होईल? सोडल्यामुळेच झालं, हे तिला पटवायला मला फार बोलावं लागलं. चार दिवसांनी तो भानावर आला तेव्हा त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं.

यावर उपचार आहेत, आणि ते जुने, स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळणारे आहेत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध देऊन मेंदूला हळूहळू खाली उतरवायचं, डोस रोज थोडा कमी करायचा. सोबत थायमिनचं, म्हणजे बी-वनचं इंजेक्शन, तेही ग्लुकोज लावायच्या आधी. पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन खूप कमी झालेलं असतं आणि नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही खर्च होऊन मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ म्हणून सलाईन घेऊन आलेल्यांना मी म्हणूनच आधी विचारते, बी-वन दिलं होतं का. आषाढ लागला की गटात एक सूचना ठरलेली असते. ज्यांना सकाळीही लागते अशा ओळखीच्या माणसांना सांगा, गटारीनंतर एकदम बंद करू नका, आधी ओपीडीत या. दारू सोडा म्हणणारी बाई ‘एकदम सोडू नका’ म्हणते, तेव्हा बायका माझ्याकडे संशयाने बघतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी करून सरकारनेच सगळ्यांना एकदम श्रावण लावला. दुकानं बंद, बार बंद, हातभट्टीवाल्यांचे रस्ते बंद. पहिल्या आठवड्यात आकड्या, भास, मारामाऱ्या. मग हळूहळू शांत झालं. कितीतरी घरांतून फोन आले की बरंच झालं ताई, सुटली. ४ मे रोजी राज्यात दुकानं उघडायला परवानगी मिळाली आणि मुंबईत इतकी झुंबड उडाली की दोन दिवसांत महापालिकेला ती पुन्हा बंद करावी लागली. त्या रांगेत उभा राहिलेला आमच्या गटातला एकजण नंतर म्हणाला, "चाळीस दिवस कोरडा होतो. अंगाला काही नको होतं, खरं सांगतो. भाजी आणायला निघालो होतो. लाइन दिसली आणि पाय वळले."

अंगाला काही नको होतं आणि पाय वळले. दारू शरीरातून आठवड्याभरात उतरवता येते. पाय वळणं हे वेगळ्या खात्यातलं दुखणं आहे. मेंदूत सुखाची नोंद ठेवणारी जी यंत्रणा आहे ती नुसत्या दारूची नोंद ठेवत नाही. दुकानाचा बोर्ड, पिशवीतल्या बाटलीचा आवाज, पगाराचा मेसेज, चकण्याचा वास, अमुक मित्राची हाक, सगळं तिथे एकत्र बांधून ठेवलेलं असतं आणि त्यातलं एक दिसलं तरी बाकीचं जागं होतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत ली रॉबिन्स या संशोधिकेने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला होता. तिथे पाचातला एकजण हेरॉइनच्या पूर्ण आहारी गेलेला. घरी परतल्यावर पहिल्या वर्षभरात त्यांतल्या फार थोड्यांना ते व्यसन पुन्हा लागलं. जंगल, युद्ध आणि तिथली सोबत मागे राहिली होती. आमचा माणूस डिस्चार्ज घेतो आणि रिक्षा करून त्याच गल्लीत उतरतो.

म्हणून गटातलं माझं आवडतं काम म्हणजे नकाशे. कोरा कागद द्यायचा आणि सांगायचं, कामावरून घरी कसा जातोस ते काढ. लाजत सुरुवात होते, मग माणूस रमतो. एकजण असल्फ्याला राहायचा, काम दादरकडे. घाटकोपरला उतरून पश्चिमेला बाहेर पडायचा, शेअर रिक्षाच्या रांगेपर्यंत चालायचा. त्याने कागदावर स्टेशन काढलं, वडापावची गाडी काढली, आणि मग एकेक चौकोन काढत गेला. हे वाइन शॉप, हा बार, हा दुसरा बार, इथे बंट्या उभा असतो, इथे उधारी चालते. स्टेशनपासून रिक्षापर्यंत जेमतेम दहा मिनिटांचं अंतर आणि त्यात ठिकाणं इतकी, की कागद आडवा धरावा लागला. बाजूला बसलेल्या एका जुन्या मेंबरने तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "तू खाली उतरतोसच कशाला? फलाटावरून जिना चढ, पुलावरून सरळ मेट्रोत जा. जागृती नगर, की लगेच असल्फा. रस्त्याला पायच लावायचा नाही." २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा तिचा हा उपयोग कुणाच्या ध्यानीमनी नसेल. तिकीट रिक्षापेक्षा जास्त पडतं म्हणून त्याने कुरकुर केली. बायकोने तिथल्या तिथे क्वार्टरची किंमत सांगितली.

पैशाचंही असंच ठरवावं लागतं. पूर्वी पगाराच्या दिवशी बायका स्टेशनवर येऊन उभ्या राहायच्या. पाकीट तिथेच हातात घ्यायच्या आणि त्याला भाड्यापुरते सुटे द्यायच्या. आता पगार खात्यात येतो आणि वाइन शॉपच्या काउंटरवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. त्यामुळे नवा रिवाज असा पडला आहे की खात्याला नंबर बायकोचा जोडायचा. पैसे गेले की तिच्या फोनवर मेसेज वाजतो. पुरुषांना यात कमीपणा वाटतो. मी त्यांना सांगते, सहा महिने वाटू दे.

‘एकदा मुक्तांगणला टाकून या’ असं सुचवणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. मुक्तांगणची पुण्याई मोठी आहे. ऐंशीच्या दशकात गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, साथ आली, अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात दिला आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात ते केंद्र उभं केलं. आपल्या मुंबईत त्याआधीच, १९८१ मध्ये, फादर जो परेरांनी वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. अंधेरीच्या भर्डावाडीत नॅशनल अ‍ॅडिक्शन रिसर्च सेंटरने काम उभं केलं. उपचार म्हणजे फक्त गुंगीचं औषध आणि दरडावणं, या समजातून आपल्याला बाहेर काढण्यात या लोकांचा वाटा मोठा आहे. माझी तक्रार ‘टाकून या’ या क्रियापदाशी आहे. मुक्तांगणमध्ये ३५ दिवस राहून माणूस परततो तेव्हा तो बदललेला असतो, आणि घर होतं तसंच असतं. टीव्हीच्या मागे रिकाम्या बाटल्या तशाच, मेहुण्याची पार्टी तशीच, बायकोचा दरवाजात तोंडाचा वास घेण्याचा रिवाज तसाच. केंद्रवाले फॉलोअपला या, बायकोलाही आणा, असं कानीकपाळी ओरडून सांगतात. मुक्तांगणमध्ये तर बायकांसाठी ‘सहचरी’ म्हणून वेगळा गट आहे. पण कुटुंबाला वाटतं, फी भरली, माल परत आला, काम झालं.

याहून वाईट प्रकारही आहे. रात्री गाडी येते, चार दणकट पोरं उतरतात, माणसाला उचलून नेतात, आणि शहराबाहेरच्या कुठल्याशा बंगल्यात महिनोन्‌महिने ठेवतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जशी जोडलेले मानसिक आजारही येतात. अशा केंद्रांना नोंदणी लागते आणि सज्ञान माणसाला असं उचलून डांबता येत नाही. पण रोज मार खाणाऱ्या बाईला कायदा सांगताना माझी जीभ जड होते, हेही खरं.

बायकांच्या पर्समधून निघणाऱ्या पुड्यांबद्दल लिहिलंच पाहिजे. ओपीडी संपत आली की एखादी परत येते, दार लोटून घेते आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पांढरी पावडर टेबलावर ठेवते. "भाजीत घालते, त्यांना माहीत नाही. चालेल ना?" कधी ती जाहिरात बघून मागवलेली कसलीतरी जडीबुटी असते. कधी मात्र खरं औषध असतं, डायसल्फिरॅम, गोळ्या कुटून केलेली. १९४८ पासून दारूवर वापरात असलेलं हे औषध दारूच्या पचनाची वाट अर्ध्यावर अडवतं. मधल्या टप्प्यातलं अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साचतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस यात मरू शकतो. ज्याला आपल्या पोटात काय आहे हे माहीत नाही, तो नेहमीसारखी क्वार्टर लावणार आणि बायको समोर बसून बघणार. मी पुडी ठेवून घेते. गंमत अशी की हेच औषध त्याला सांगून, तपासण्या करून, रोज सकाळी चहाबरोबर बायकोच्या हातून दिलं तर चांगलं काम करतं. मग संध्याकाळी सात वाजता त्याला स्वतःशी भांडावं लागत नाही. निर्णय सकाळीच झालेला असतो आणि गोळीचा असर पुढचे कित्येक दिवस उतरत नाही. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधंही आहेत. आश्चर्य वाटेल इतक्या कमी लोकांना ती माहीत आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कुठलाही उपचार मिळतो.

गर्द, हेरॉइन घेणाऱ्या पावडरवाल्यांचं जग वेगळं आहे आणि त्यात मी फार काम केलेलं नाही. त्यांची टर्की, म्हणजे नशा बंद झाल्यावरची तडफड, मी वॉर्डात पाहिली आहे. जीव घेणारी ती क्वचितच, पण बघवत नाही. त्यांच्यासाठी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रात येऊन घ्यायची पद्धत आहे. संकल्प ट्रस्टसारख्या संस्थांनी १९९५ पासून मुंबईच्या रस्त्यांवर, सुया वाटण्यापासून ते गोळीपर्यंत, हे काम केलं. ‘नशेवर नशाच देता’ अशी टीका त्यांनी ऐकून घेतली. जो पोरगा रोज सकाळी गोळी घेतो तो चोरी करत नाही, सुई वाटून घेत नाही आणि कामाला जातो. टीका करणाऱ्याने त्याच्या आईला विचारावं.

दारू सुटल्यावर घरात जे सुरू होतं त्याची कल्पना कुणाला नसते. दहा-पंधरा वर्षं घर बायकोने ओढलेलं असतं. शाळेची फी, सासूचं ऑपरेशन, पाण्याचं बिल, नणंदेचं लग्न. हा शुद्धीवर येतो आणि म्हणतो, आता मी आहे. ती म्हणते, बरं. पण कपाटाची चावी देत नाही. "चार महिने झाले सोडून, अजून संशय घेते," अशी त्याची तक्रार गटात येते तेव्हा बायका हसत नाहीत, पुरुषही हसत नाहीत. एक बाई मला म्हणाली होती, "प्यायचे तेव्हा निदान रात्री नऊला घोरत पडायचे. आता अकरापर्यंत सल्ले देतात." अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) ही दारू सोडणाऱ्यांची आपसातली संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि १९५७ मध्ये भारतात आली, बायकामुलांसाठी अल-अ‍ॅनॉन १९५१ मध्ये वेगळी निघाली, ती याच कारणाने. एए आमच्या उपनगरांत शाळांच्या वर्गांतून, चर्चच्या खोल्यांतून भरते, फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. आमच्या गटातले निम्मेअधिक तिकडेही जातात आणि मला ते आवडतं, कारण तिथे ‘मॅडम’ नसते.

स्लिप होते. आठ महिन्यांनी, दोन वर्षांनी, कधीही. २००० साली थॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली तुलना मी नातेवाइकांना नेहमी सांगते. उपचारानंतर वर्षभरात व्यसनी माणसांपैकी ४० ते ६० टक्के पुन्हा घसरतात, आणि ब्लडप्रेशर किंवा दम्याच्या रुग्णांमध्ये आजार पुन्हा उफाळण्याचं प्रमाणही त्याच घरातलं आहे. डायबेटिसवाल्या सासऱ्यांनी लग्नात जिलबी खाल्ली आणि साखर चारशेवर गेली, तर त्यांना कुणी ‘पैसे पाण्यात घातले’ म्हणत नाही, डोस बदलतात. आमच्या माणसाने प्यायली की शपथ मोडल्याचा गुन्हा होतो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथेचा तर मला धसकाच आहे. स्लिप झाल्यावर तो माणूस मुलाच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाही, आणि त्या शरमेवर त्याला माहीत असलेलं औषध एकच असतं. गटात आम्ही शपथ घेत नाही. कधी प्यायली, त्याआधी तासभर कुठे होतास, कुणाबरोबर, जेवला होतास का, हे विचारतो आणि नकाशावर नवा चौकोन काढतो.

इतकं सगळं असूनही श्रावणाबद्दल माझ्या मनात आदर वाढत गेला आहे. मुंबईत ‘मी पीत नाही’ म्हटलं की दहा प्रश्न येतात. का रे, लिव्हर गेलं का, बायकोला घाबरतोस का, एक घे, काय होत नाय. ‘श्रावण आहे’ म्हटलं की ग्लास मुकाट बाजूला सरकतो. कुणी कारण विचारत नाही, कुणी आग्रह करत नाही, सोबतीला आणखी दहाजण थम्सअप पीत असतात. माळकऱ्याला हे बाराही महिने मिळतं. गळ्यात तुळशीची माळ दिसली की विषय संपला, आणि पंढरीची वाट धरून सुटलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत. आमच्या उपचारांत गोळी आहे, समुपदेशन आहे, पण भाद्रपदातल्या माणसाच्या तोंडी द्यायला असं बिनतोड वाक्य नाही. गटाचा बराच वेळ ते शोधण्यात जातो.

आणि भाद्रपद लगेच येतोच. आमच्या गटातले निम्मे कोकणातले. गणपतीला कोकणकन्या नाहीतर एसटी पकडून गावी जाणारच. गावी रात्री आरती, भजन, मग पडवीत बसणं, आणि मुंबईहून चाकरमानी आला म्हणून चुलत्यांची सरबराई. त्यामुळे श्रावणाचा शेवटचा आठवडा आम्ही यावरच खर्च करतो. मागच्या वेळी कणकवलीकडच्या एकाने विचारलं, घरात खरं सांगायचं की नाही. गटात दोन तट पडले. एक म्हणाला, शुगर निघाली सांग, डॉक्टरांनी बंद केलंय, विषय संपला. दुसरा भडकला, "खोटं बोलूनच तर इथवर आलो आपण." तिसऱ्याने सुचवलं की थोरल्या चुलतभावाला तेवढं खरं सांग, बाकीच्यांना शुगर. मला हे पटलं. पहिल्या रात्री एक माणूस आपल्या बाजूचा हवा, आणि अख्ख्या वाडीपुढे कबुलीजबाब द्यायची काही गरज नाही. मग बाकीचं ठरलं. गोळ्यांची पट्टी बायकोच्या बॅगेत. परतीचं तिकीट गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचं, आताच काढून ठेवायचं. रोज रात्री आठला गटातल्या ठरलेल्या माणसाला फोन. घरात रेंज नाही, असं तो म्हणाला. मग कुठे येते? देवळामागच्या कातळावर. आरती कितीला? साडेसातला. मग आठला कातळावर जायचं, धाकट्या मुलीला सोबत न्यायचं, बॅटरी विसरायची नाही.